आधी हाताचं बघा, मग गिटारींचं

डोंबिवलीहून एका काकांचं पत्र आलंय. वय 66. उमेदीची सगळी वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली: गणपतीचे मंडप, लग्नं, थर्टी फर्स्टचे शो. आता दोन्ही हातांची बोटं सकाळी तास-दीड तास मिटत नाहीत, बोटांची मुळं सुजतात. वयाचं दुखणं म्हणून गेली दोन वर्षं दुखणं थांबवायच्या गोळ्या चालू आहेत. घरात तीन बेस आहेत. मुलगा म्हणतो, विकून टाका, जागा अडते. ग्रुपला त्यांनी ‘घरची अडचण आहे’ एवढंच सांगितलंय. विचारतात, ‘ताई, तिन्ही एकदम काढली तर सुटेन का?’

काका, नाही सुटणार. शिवाय आज तो निर्णय घ्यायची वेळच नाही.

दोन्ही हात, सूज, आणि सकाळचा इतका वेळ टिकणारा ताठरपणा, हे नुसत्या वयावर ढकलू नका. हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. दुखणं थांबवायच्या गोळीनं वेदना दबते, सांध्याची झीज चालूच राहते. ती झीज रोखणारी औषधं वेगळी असतात, आणि एकदा झालेली झीज भरून येत नाही. म्हणून याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञाची, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्टची वेळ घ्या. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला असाल तरी घ्या. ती औषधं लागलीच, तर त्यांचा गुण यायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. तोवर गिटारीचं गिऱ्हाईक बघू नका.

आता तिन्हींबद्दल. तिन्हींना एकच न्याय लावू नका. पाच तारांचीचा नेक, म्हणजे बोटं दाबायची लांब दांडी, रुंद; वजनही जास्त. औषधांनी आराम पडला तरी ती तुमच्या हाताला जड जाईल. तीन महिन्यांनी पहिली तीच काढा. फ्रेटलेस बेसच्या नेकवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, नसतात; तिच्यावर बोट नेमक्या जागी पडावं लागतं, आणि सुजलेल्या बोटाला ती जागा रोज चुकवते. तुमच्यासारख्या कानाच्या माणसाला तो रोजचा त्रास कशाला? ती एखाद्या शिकत्या मुलाला द्या, पण फुकट नको. रास्त पैसे घ्या, हवे तर हप्त्यानं.

राहिली ती 1986 साली बोटीवरच्या मेहुण्यानं आणलेली चार तारांची. तेव्हा बाहेरचं वाद्य आपल्याकडे किती मुश्किलीनं मिळायचं, हे मुलाला माहीत असायचं कारण नाही. त्याला ते सांगा आणि ती ठेवा. कपाटावर केसमध्ये कोंबून मात्र नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात नेक वाकतो, तारा गंजतात.

पाच तारांचीच्या पैशातून शॉर्ट स्केल बेस बघा. नेहमीच्या बेसची तार 34 इंच, हिची 30 च्या आसपास. फ्रेट जवळजवळ येतात, बोटं कमी फाकवावी लागतात आणि त्याच जाडीच्या तारेला ताणही कमी. हलक्या तारा लावा, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची नेकपासूनची उंची, खाली करून घ्या. अ‍ॅम्प वाढवा, बोटांचा जोर कमी करा. पट्टा रुंद घ्या, नाहीतर बसून वाजवा. सूज भरात असेल त्या दिवशी वाद्याला हातच लावू नका. पूर्वीसारखे तीन-तीन तासांचे शो कदाचित जमणार नाहीत. त्याचं दुःख होणारच, ते मोठं आहे, आणि घरातल्यांनी त्याला ‘जागा अडते’ म्हणून उडवून लावू नये.

ग्रुपला खोटं सांगितलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं. ड्रमर आणि बेसवाला इतकी वर्षं शेजारी उभे राहून एकाच ठोक्यावर वाजवतात. त्याला तुमच्या हातातला बदल तुमच्याआधी कळला असेल. आज त्याला फोन करा आणि दुखण्याचं नाव घेऊन सांगा. नवा बेसवाला शोधताना त्यांना तुमचा कान लागेल, शिकता मुलगाही बहुधा त्याच्याच ओळखीत निघेल. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना सोबत कोणी हवं असेल, तर तेही त्यालाच विचारा.