दुधात हिंसा नाही म्हणता? मग गोऱ्ह्याचं काय होतं ते विचारा

मटण-अंडी सोडून फक्त दूध-तुपावर राहिलं तर जनावरांच्या त्रासातून आपण मोकळे होतो का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या गोठ्यात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित गाई आहेत, दूध डेअरीला घालतो. त्यामुळे स्पष्टच सांगतो, नाही होत.

गाय व्यायल्याशिवाय दूध नाही. नऊ महिने गाभण, मग कालवड (मादी वासरू) किंवा गोऱ्हा (नर वासरू). कालवड झाली तर पेढे. एचएफचा गोऱ्हा झाला की घरातले गप्प. त्याला वशिंड नाही, जू नीट बसत नाही, उन्हात धापा टाकतो, आणि नांगरट तर ट्रॅक्टरच करतो. पहिल्या काही तासांतला चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दाट दूध, वासराच्या पोटात गेलाच पाहिजे, त्याची प्रतिकारशक्ती त्यावरच. कालवडीला तो आठवणीनं पाजतात. गोऱ्ह्याला दोन घोट, बाकीचा खरवस होऊन शेजारीपाजारी जातो (आणि आपण तो आवडीनं खातो). मग हगवण लागते आणि गोऱ्हा जातो. मारला कुणीच नाही.

जगलाच तर पुढे काय? गाय-वासरांच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ मध्ये बैल-वळूही त्यात आले. म्हणजे बाजारात गिऱ्हाईक नाही आणि वैरण तर रोज लागते. मग रात्री टेम्पोत घालून कुठल्यातरी माळावर सोडून येतात. म्हशींना ही सरसकट बंदी नाही, पण रेडकाची उपासमार तशीच.

डोंगरावर चरून वाढलेला धनगराचा बोकड या गोऱ्ह्यापेक्षा नक्कीच बरं जगतो, असं माझं मत. शाकाहारी मंडळींना पटणार नाही, चालेल.

दूध सोडा असं मी सांगणार नाही, माझंच पोट त्यावर आहे. सेक्स्ड सीमेननं (मादी वासरंच व्हावीत म्हणून निवडलेल्या वीर्यानं) नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात, त्यानं गोऱ्ह्यांचा प्रश्न बराच हलका होतो. भाकड, म्हणजे दूध न देणाऱ्या गाईचा मात्र उरतोच.

पिशवीच्या दुधात यातलं काही कळायला मार्ग नाही, शीतकरण केंद्रावर गावोगावचं दूध एकत्र होतं. गोठ्यावरून घेत असाल तर एकदा धारेच्या वेळी जाऊन या. दहा दुभत्या गाई, कालवडी चार-पाच, गोऱ्हा एकही नाही आणि रेतन साध्याच सीमेननं, असं दिसलं तर बाकीचे गोऱ्हे कुठे गेले ते मालकालाच विचारा.