घरी वेल्डिंग शिकून चेसिसचा तडा भरता येईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: पाचोऱ्याकडे दुधाच्या फेऱ्या मारणारी 100 सीसीची मोटारसायकल, मागच्या शॉकअपच्या माउंटिंगपाशी सीटखालचा पाईप तडकलाय, 200 अँपियरचं इन्व्हर्टर मशीन नुकतंच घेतलंय, घरी शिकून हा तडा स्वतः भरता येईल का? येईल. फक्त पहिला टाका गाडीवर मारायचा नाही, आणि गाडीच्या काही जागांना घरच्या मशीनने हात लावायचा नाही.

त्या जागा म्हणजे हँडलची नेक, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि त्याचा पिव्होट, फोर्क, हँडलबार. तिथला जोड चालत्या गाडीत सुटला तर सावरायला क्षणही मिळत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या नेकवरच चेसिस नंबर ठोकलेला असतो, त्यावर ग्राइंडर फिरला तर आरटीओत उत्तर देत बसावं लागेल. ही कामं जळगाव-धुळ्याच्या चांगल्या टिगवाल्याकडेच (गॅसच्या आवरणात बारीक वेल्डिंग करणाऱ्याकडे) न्या. स्टँड, फूटरेस्ट, कॅरियर, सायलेन्सरचे ब्रॅकेट आणि शेवटी सीटखालचा पाईप, या क्रमाने तुमचा हात तयार होऊ द्या.

मशीन लावण्याआधी तडा का गेला ते शोधा. 40 लिटरचे दोन कॅन भरले की 80 किलोच्या वर वजन होतं, आणि ते शॉकअपच्या माउंटिंगच्या मागे लटकतं. शेपटीचा भाग प्रत्येक खड्ड्यात खाली दबतो, पाईपच्या वरच्या अंगाला ताण बसतो, म्हणून तडा बहुधा वरून सुरू होतो. इंजिनचे फाउंडेशन बोल्ट ढिले असतील किंवा शॉकअपचे बुश संपले असतील तर हा ताण आणखी वाढतो. हे न सुधारता नुसता तडा भरला, तर काही महिन्यांत नवा तडा तुमच्या वेल्डिंगच्या अगदी कडेला येणार. जोड तापताना त्याच्या शेजारची पट्टी कमजोर होते आणि फूट तिथेच धरते. कॅन ठेवायचं स्टँड जमेल तितकं पुढे, चाकाच्या एक्सलच्या रेषेत घ्या.

आता सराव. 6013 नंबरचे वेल्डिंग रॉड 2.5 मिमी आणि 2 मिमी असे दोन्ही घ्या. 7018 चा रॉड मजबूत खरा, पण तो भट्टीत वाळवून गरमच वापरावा लागतो, सध्या त्याच्या मागे लागू नका. सुरुवात 3 मिमीच्या पट्टीवर, 2.5 चा रॉड, 75 ते 80 अँपियर. मग 14 गेजचा, म्हणजे 2 मिमीचा पत्रा आणि पाईप: 2.5 च्या रॉडला 60 ते 70, 2 च्या रॉडला 45 ते 55. पातळ कामाला रॉड धरायचा होल्डर मशीनच्या मायनसला लावा, भोक कमी पडतं. स्वस्त मशीनच्या डिस्प्लेवर फार विसंबू नका. रॉड सारखा चिकटत असेल तर 5 अँपियर वाढवा, पाईप लाल होऊन खाली बसायला लागला तर उतरवा. रॉडचं टोक कामापासून रॉडच्या जाडीएवढंच लांब ठेवायचं. नजर उजेडावर ठेवायची नाही, त्याच्या मागे जमणाऱ्या वितळलेल्या रसावर ठेवायची. रस दोन्ही कडांना भिडला की मगच पुढे सरका.

सरावाला भंगारातून जुनी चेसिस घ्या, त्याच जाडीचा पाईप मिळतो. शेतात पडलेला जीआय पाईप मात्र घेऊ नका. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि दूध प्यायल्याने तो टळतो हा समज चुकीचा आहे. क्रोम केलेला लेगगार्डही नको.

जोड दिसायला सुबक आला म्हणून तो पक्का असेलच असं नाही. 2 मिमीच्या दोन पट्ट्या कडेला कड लावून एका बाजूने जोडा, व्हाइसमध्ये जोड जबड्याच्या जरा वर ठेवून पकडा आणि हातोडीने वेल्डिंगच्या बाजूकडे वाकवा, म्हणजे मुळावर ताण येईल. 90 अंशांपर्यंत न उघडता वाकला तर ठीक. तुटला तर तुटलेला काठ उन्हात धरून बघा. मुळाशी पट्टीची मूळ कड जशीच्या तशी सरळ दिसत असेल तर धातू आत भिनलाच नाही: करंट कमी किंवा दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवली नाही. काळे डाग म्हणजे स्लॅग (रॉडच्या लेपाची जळालेली खपली) अडकला. बारीक भोकं म्हणजे रॉड दमट किंवा काम तेलकट. लागोपाठ दहा पट्ट्या या परीक्षेत टिकल्याशिवाय गाडी उघडू नका.

आपल्या भागातल्या तीन गोष्टींची काळजी घ्या. पहिली, व्होल्टेज. शेतीपंप सुरू झाले की ते खाली येतं आणि रॉड चिकटायला लागतो. 80 अँपियरवर हे मशीन लाइनमधून साधारण 12 ते 14 अँपियर ओढतं, तेव्हा 16 अँपियरचा सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि निदान 2.5 स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर हवी. अंतर 15 मीटरच्या वर असेल तर 4 स्क्वेअर मिमीची. दुसरी, ऊन. मशीनची क्षमता सहसा 40 अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते लवकर थांबतं, आणि घामाने भिजलेल्या हातमोज्यातून झटका बसतो. काम सकाळी करा, पायाखाली कोरडी फळी घ्या. तिसरी, कापूस. दर वाढायची वाट बघत घरात कापूस भरलेला असेल तर त्या घराच्या ओट्यावर वेल्डिंग अजिबात नाही. ठिणगी 30-35 फूट जाते, आणि कापूस आतल्या आत धुमसत राहतो. वेल्डिंगच्या मास्कच्या काचेचा नंबर 10 किंवा 11, अंगात सुती कपडे, लहान मुलं लांब.

गाडीवर काम करताना टाकी काढून दूर नेऊन ठेवा, बॅटरी काढा, इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कपलर सोडा. सीटखालची वायरिंग बाजूला बांधा. अर्थिंग क्लॅम्प तड्याजवळच, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्या-रेस खराब होतात.

तडा दिसतो त्याहून लांब असतो. रंग काढा, डिझेल लावून पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि खडू घासा. तड्याची रेघ ओली उमटते. तिच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडा म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग थिनरने डिझेल पूर्ण काढून वाळू द्या आणि ग्राइंडरने दीड मिमी खोल व्ही आकाराची खाच करा. पाईपचं पाणी निघायचं भोक चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटचा टाका उडवते.

आधी जागोजागी छोटे टाके, मग 20-25 मिमीच्या तुकड्यांत वेल्डिंग, बाजू बदलत. प्रत्येक तुकड्यानंतर स्लॅग झाडून तारेचा ब्रश मारा. पाणी ओतायचं नाही, आपोआप गार होऊ द्या. ती दोन भोकंही भरा. वरून पट्टी लावायची तर 2 मिमीचीच, दोन्ही टोकांना मासोळीसारखी निमुळती, आणि वेल्डिंग फक्त लांबीच्या कडांना. 5 मिमीची जाड पट्टी आडवी वेल्ड केली की पाईप नेमका तिच्या काठावर तुटतो.

शेवटी दोन्ही चाकांच्या बाजूने दोरी ताणून गाडी सरळ आहे का बघा, रेड ऑक्साइड आणि वर फिकट रंग द्या. फिकट रंगावर नवा तडा गंजाच्या रेघेने लगेच दिसतो. पहिले 100 किलोमीटर रिकामी चालवा, खडूची परीक्षा पुन्हा करा, मगच एक कॅन टांगा.