गावाचा रेडिओ गावच ऐकत नाही, तेव्हा

ताई, तुमचं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू होऊन सहा महिने झाले, प्रक्षेपक नीट चालतो, तरी गावात कोणी लावत नाही, असं तुम्ही लिहिलंय. परवाना, मनोरा झालेलाच आहे, त्यात शिरत नाही. वेळापत्रक पाहताच दुखणं ओळखीचं वाटलं: सकाळी ७ ते ९ नुसत्या सरकारी योजना.

आम्हालाही हेच सगळ्यात महागात पडलं. एका खात्याने पत्रकं शब्दशः वाचायला लावली, 'सदर योजनेचा लाभ'मधला शब्द हलवू दिला नाही आणि बिलं मात्र महिनोन्महिने 'वर' पडून! पैसे उशिरा का होईना येतात, सकाळी रेडिओ बंद केलेला माणूस परत आणताना दमछाक होते. म्हणून करारातच लिहून घ्या: माहिती खात्याने तपासायची, भाषा केंद्राची. एका वेळी पाच मिनिटांवर नाही. आणि पत्रक वाचण्याऐवजी ज्याचा अर्ज एकदा परत आला होता अशा शेतकऱ्याला बोलतं करा: कोणता कागद कमी पडला, कुठे गेला, मग काय केलं. जाहिरातींना २०२४च्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून व्हायला हवेत, हेही खात्याच्या साहेबांना दाखवा. आकाशवाणीच्या सोडून बातम्या देता येत नाहीत, पण वीज-पाण्याच्या स्थानिक सूचना चालतात. गाव त्यासाठी रेडिओ लावतं.

तेलंगणातल्या माचनूरला २००८ पासून संघम रेडिओ दलित शेतकरी स्त्रियाच चालवतात. बियाणं, सण, गाणी, सगळं त्यांच्या बोलीत. माझं ठाम मत, तुमच्याकडे सुरुवात ओव्यांपासून करा. (शहरी किंवा विद्यापीठाच्या केंद्राला हे जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.)

आजींना खुर्चीत बसवून गायला लावू नका, हात फिरला नाही तर ओळी आठवत नाहीत. पण जात्याची घरघर आवाज खाऊन टाकते. जात्याखाली गोणपाटाची घडी घाला, मूठ-मूठ दाणे टाकत सावकाश फिरवू द्या. एकाच दिशेचा आवाज घेणारा माईक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला, पाठ जात्याकडे. फोन बंद. घरघर नंतर मिनिटभर वेगळी घ्या आणि ओवीखाली अगदी हळू सोडा. मूळ फाइल वेव्ह (WAV), म्हणजे न दाबलेल्या स्वरूपातच ठेवा. नाव-गाव त्यांच्याच तोंडून घ्या, प्रसारणाची परवानगीही. प्रसारित झालेलं तीन महिने जपणं बंधनकारक आहे, ओव्या मात्र दोन वेगळ्या डिस्कवर कायमच्या ठेवा.

आणखी एक. प्रक्षेपणाला साधारणपणे १०० वॅटची मर्यादा, त्यात एफएमला डोंगर आडवा आला की पलीकडे खरखर. साधा रेडिओ खिशात घालून वाडी-वाडी फिरा, घराच्या आत लागतो का तेही बघा. लागत नसेल तिथे कार्यक्रमांचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.