जुन्या भातजातींत खरंच जनुकीय फरक असतो, की नुसती नावं वेगळी?

तुम्ही विचारलंय की इगतपुरीकडे जो तो इंद्रायणी हा सुधारित वाणच लावतोय, मग काळभात, रायभोग, जिरवेल अशा जुन्या जाती जपायच्या कशाला, आणि त्यांच्यात फरक तरी खरा आहे का. आमची खाचरं त्याच पट्ट्यातली, म्हणून सांगतो.

फरक खरा आहे, पण तो नावांवरून मोजू नका. एकाच नावाचं भात घोटीजवळ एक आणि पेठ-सुरगाण्याकडे दुसरंच निघू शकतं. उलट एकच बी सोयरिकीतून दुसऱ्या गावी गेलं की तिथे नवं नाव घेतं. पक्का निवाडा डीएनए तपासूनच होतो.

डोळ्यांनी बघायचं तर जुन्या जातीचं खाचर निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, आत उतरा. बांधावरून सगळं सारखंच वाटतं. आत एका चुडाच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्याच्या, बुडाशी जांभळी झाक असते, शेजारचा हिरवागार. एका लोंबीला कुसळं, दुसरी बोडकी. बियाणेवाला याला भेसळ म्हणेल, आणि थोडी असतेही, खळ्यावर बी मिसळतंच. पण बराचसा वेगळेपणा त्या जातीच्या अंगचाच असतो. भाताचं फूल तास-दोन तासच उघडं राहतं, पराग काही मिनिटांत निकामी होतो. त्यामुळे दुसऱ्या रोपाशी संकर शंभरात एखादा, बहुधा त्याहूनही कमी. प्रत्येक रोपाचा वंश जवळजवळ शुद्ध चालतो, आणि जुनी जात म्हणजे अशा कितीतरी वंशांचं एकत्र कुटुंब. सुधारित वाण मुद्दाम एकसारखा ठेवलेला असतो. कापणी सोपी जाते, गिरणीवाला खूश असतो, पण करपा रोग आला की बळी पडायची तऱ्हाही सगळ्यांची एकच.

दुसरा फरक हळवं-गरव्याचा, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या आणि उशिरा तयार होणाऱ्या भाताचा. पुष्कळ गरव्या जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय निसवत नाहीत. पाऊस रुसला, आवणी म्हणजे रोपांची लावणी लांबली, तरी निसवायची वेळ फारशी हलत नाही. हा गुण जनुकांतच असतो आणि आयआर-८ सारख्या सुधारित बुटक्या वाणांतून तो मुद्दाम काढून टाकला, कुठल्याही हंगामात पीक यावं म्हणून. माळावरच्या हलक्या जमिनीला मात्र हळवंच लागतं, कारण तिथली ओल लवकर संपते.

आता इंद्रायणी. तिला कमी लेखायचं कारण नाही. घोटीच्या बाजारात भाव तिलाच आहे. पण ती आली कुठून? आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून, वडगाव मावळच्या केंद्रात, १९८७ साली. वास आंबेमोहराचा. बुटकेपणा आयआर-८ चा, आणि १९६६ च्या त्या आयआर-८ ला तो तैवानच्या एका जुन्या स्थानिक जातीकडून मिळालेला. म्हणजे तुम्ही इंद्रायणी लावता तेव्हाही दोन ठिकाणच्या शेतकऱ्यांचं जुनं बीच लावता. आंबेमोहर आधीच संपलं असतं तर हा संकर करायला कुणापाशी काय होतं?

ओडिशाचं उदाहरण याहून बोलकं. तिथल्या एका स्थानिक भातातून निवडलेला एफआर-१३ए हा वाण पूर्ण बुडाला तरी साधारण दोन आठवडे तग धरतो. उत्पन्न बेताचं, म्हणून शेतात त्याला कोण विचारणार! पण त्यातला सब-१ए हा जनुक सापडला, २००६ मध्ये जाहीर झाला, आणि तो घालून केलेला स्वर्णा-सब-१ वाण पूरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना मिळाला. असा गुण कुठल्या भातात दडलाय, हे आधी कळत नाही. काळभातात काय आहे हे माहीत व्हायच्या आत ते सोडून देणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

तुम्हाला जपायचंच असेल तर चार-सहा टपोऱ्या लोंब्या निवडून बी करू नका, त्यात बाकीचे वंश गळतात. खाचरभर फिरून निरोगी रोपांच्या पुष्कळ लोंब्या घ्या. वेगळ्या दिसणाऱ्याही राहू द्या, फक्त उघड परकं भात काढा. बी मिळवायला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा कोंभाळणे भाग बघा. राहीबाई पोपेरे यांची देशी बियाण्यांची बँक तिथलीच. आणि बी घेताना ते हळवं की गरवं, पाण्याच्या खाचरातलं की माळावरचं, हे विचारल्याशिवाय पिशवी उचलू नका. गरवं बी माळावर लावलंत तर दाणा भरायच्या आतच ओल जाईल आणि हाती पळंजच, म्हणजे पोकळ दाणेच, येतील.