हँड ब्लेंडर घेताना

प्रश्न : पालकाची पातळ भाजी आणि टोमॅटोचे सार यांसाठी स्वस्तातला हँड ब्लेंडर घ्यायचा आहे. किती वॉटचा घ्यावा?

उत्तर : एवढ्या कामाला २५० ते ३०० वॉट पुरतात. मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा दांडा स्टीलचा आहे का आणि तो मोटरपासून सुटा होतो का, हे आधी पाहावे. कारण प्लॅस्टिकचा दांडा उकळत्या सारात बुडवणे योग्य नाही आणि न सुटणारा दांडा धुताना मोटरमध्ये पाणी शिरण्याची भीती राहते. स्वस्त यंत्रे बहुधा सलग मिनिटभरच चालवायची असतात, म्हणून माहितीपत्रकातील मर्यादा वाचावी. पाते पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबावे, नाहीतर सार ओट्यावर उडते. इडलीच्या पिठाला मात्र मिक्सरच हवा, आणि ताकाला आमच्या मते रवीच बरी.