वाचक विचारतात : गट सुटला, अनुभवाचं काय करायचं?

प्रश्न : तीन वर्षं मी शहराबाहेरच्या एका ख्रिस्ती प्रार्थना-गटात होते. नोकरी, लग्न, माहेरी जाणं, सगळं पास्टरना विचारून. आठ महिन्यांपूर्वी सोडलं. पण तिथं मला अन्य भाषा मिळाली होती (प्रार्थनेत न शिकलेले, अर्थ न कळणारे शब्द आपोआप तोंडून येत), डोक्यावर हात ठेवल्यावर मी पडले होते आणि एकदा रात्रभरच्या प्रार्थनेत अशी शांती लाभली की तशी पुन्हा कधी नाही. ते खोटं म्हणावं तर मीच खोटी ठरते. खरं म्हणावं तर सोडून चूक केली असं वाटतं. जाऊबाई म्हणतात, ‘जोतिबाच्या डोंगरावर अंगात येतं, तसलंच ते.’ काय समजायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अनुभव, त्याचा अर्थ आणि त्यापोटी केलेली मागणी, या तीन गोष्टी गटानं एकाच गाठोड्यात बांधून दिल्या. म्हणून एक टाकली की तिन्ही जातात असं वाटतं. गाठ सोडवायला साधी वही पुरते. पान आडवं धरून चार रकाने आखा : अंगात काय झालं, भोवती काय चाललं होतं, अर्थ कुणी सांगितला, पुढं काय मागितलं. तुमची ती रात्र, समजा, अशी लिहिली जाईल : ‘छाती हलकी, तळहात गरम, रडू, मग शांत. / उपवासाचा दुसरा दिवस, नुसतं पाणी, पहाटेचे साडेतीन, कीबोर्डवर तोच तो सूर, पास्टर माइकवर हळू आवाजात. / सिस्टर म्हणाल्या, ही बोलावण्याची खूण. / नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा.’

पहिला रकाना तुमचा आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. तिसरा दुसऱ्याच्या तोंडचा आहे. आणि चौथ्यात प्रत्येक वेळी पैसा, वेळ किंवा आज्ञापालनच येत असेल, तर तिसऱ्यातला अर्थ कुणाच्या सोयीचा होता, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा रकाना मात्र घाईनं भरू नका, खरी माहिती तिथंच असते. नुसत्या पाण्यावर साधारण दिवसभरात यकृतातला साखरेचा साठा संपत येतो, शरीर चरबी जाळू लागतं आणि डोकं हलकं होतं. त्यात रात्रभर झोप नाही, म्हणजे भावना आवरणारा लगाम आधीच ढिला. पडण्याचं म्हणाल, तर डोळे मिटून, मान मागं टाकून, तासभर उभं राहिल्यावर कपाळावर हलका हात टेकला तरी तोल जातो. मागं पकडणारे उभे आहेत हे माहीत असलं की शरीर सावरायचा प्रयत्नही करत नाही. कुणी ढकललंच असेल असं नाही आणि तुम्ही नाटक केलं असंही नाही.

अन्य भाषेबद्दल २००६ साली अमेरिकेत अँड्र्यू न्यूबर्ग यांच्या चमूनं अशा प्रार्थना करणाऱ्या पाच स्त्रियांच्या मेंदूतला रक्तपुरवठा तपासला. स्तोत्र गाताना होता त्यापेक्षा अन्य भाषेत बोलताना मेंदूच्या पुढच्या भागातलं, म्हणजे आपण ठरवून वागतो-बोलतो ते सांभाळणाऱ्या भागातलं काम कमी झालेलं दिसलं. ‘मी बोलत नव्हते, बोललं जात होतं’ असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते त्याच्याशी जुळतं. पाचच जणी होत्या, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. शिवाय शरीरात काय घडलं हे कळलं म्हणून देव तिथं होता की नव्हता, याचा निकाल लागत नाही. भुकेल्याला भाकरी जास्त गोड लागते. त्यानं भाकरी खोटी ठरत नाही.

जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. ढोल, गर्दी, उपास, जागरण, ‘चांगभलं’चा गजर आणि आता काहीतरी होणार ही अपेक्षा, यातून शरीर ज्या वाटेनं जातं ती वाट बरीचशी तीच. पण श्रद्धेचा आशय वेगळा, आणि ‘तसलंच’ म्हणून हिणवल्यानं तुम्हाला काहीच उलगडत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुलींना असेच रडण्याचे, अंगात आग होण्याचे अनुभव आले होते. म्हणजे तुमच्या गटाच्या किती तरी आधीपासून हे महाराष्ट्रात आहे. त्याचा मक्ता गटाकडे नव्हता. ‘बाकीची चर्चेस मेलेली’ असं अशा गटांत ऐकवतात, ते वाक्यही तसंच तपासा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले ते १८५२ मध्ये, तेव्हापासून इथं लोक प्रभूचं नाव घेतायत.

विश्वास ठेवायचा असेल तर पारख करणं पाप नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलच थेस्सलनीकाकरांना सांगतो की सगळं पारखा आणि चांगलं ते धरून ठेवा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर नियमच आहे : अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावं. तुमच्या हॉलमध्ये हे पाळलं जात होतं का, तेही वहीत लिहा.

वहीत लोक कुठं चुकतात तेही सांगतो. सर्वांत भीतिदायक प्रसंगापासून सुरुवात करतात. सौम्य प्रसंग आधी घ्या. रात्री अकराला लिहायला बसतात आणि मग झोप नाही. दिवसाउजेडी, वीस मिनिटं, एका वेळी एकच प्रसंग. लिहिताना जुनं काही अंगावर धावून आलं तर पेन खाली ठेवा, पाय फरशीवर टेकवा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं म्हणा. आणि पहिले काही महिने नव्या गटात, नव्या गुरूकडे शिरू नका. रिकामी जागा भरायची घाई होते, तिथंच पुन्हा फसगत होते.

प्रश्न : सोडल्यापासून आठवड्यातून एकदा तरी पहाटे जाग येते, हलता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. गटात याला सैतानाचा हल्ला म्हणत.

उत्तर : याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्नाच्या झोपेत शरीर मुद्दाम लुळं केलेलं असतं. मेंदू आधी जागा झाला की ते लुळेपण काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटं जाणवतं आणि कुणीतरी खोलीत असल्याचा भास होतो. पूर्ण ताकदीनं उठायला जाऊ नका, भीतीच वाढते. पायाचा अंगठा किंवा एक बोट हलवा. उताणं न झोपता कुशीवर झोपा, झोपायची वेळ एकच ठेवा.

मात्र जागेपणी आवाज हुकूम देत असतील, दोन-तीन रात्री झोप नसूनही थकवा वाटत नसेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गटाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या असतील तर आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका, डोस डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : रोज मेसेज येतात, ‘प्रभूनं तुझ्याबद्दल दाखवलंय.’ उत्तर द्यावं का?

उत्तर : एकदाच : ‘मी गट सोडला आहे, संपर्क करू नये.’ पुढं वाद घालू नका, प्रत्येक उत्तरातून त्यांना नवा धागा मिळतो. ‘दाखवलंय’ म्हणतात ते बहुतेक वेळा तुम्हीच सेल मीटिंगमध्ये (गटाच्या छोट्या बैठकीत) रडत सांगितलेलं असतं. मेसेज डिलीट मात्र करू नका. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि एक प्रत घरच्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा; पुढं धमकी आली तर पोलीस ठाण्यात तेच लागतात.