इम्प्लांट काढले की सांधेदुखी जाईल?

आठ वर्षांपूर्वी स्तनांत सिलिकॉन इम्प्लांट बसवले, आता सकाळी बोटं आखडतात, डोळे कोरडे पडतात, एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलंय आणि सर्जन म्हणतात 'काही संबंध नाही'. मग काढून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना माझीच फाइल उघडल्यासारखं वाटलं. कॅन्सरनंतर ही जोडी सहा वर्षं माझ्याही अंगात होती.

सर्जनचं ते वाक्य जुनं आहे. अमेरिकेत एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) १९९२ मध्ये सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आणले, इम्प्लांटमुळे आजारी पडलो म्हणणाऱ्या बायकांच्या दाव्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंग या इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीने १९९५ मध्ये दिवाळखोरी पत्करली. पण १९९४ मध्ये मेयो क्लिनिकने इम्प्लांटवाल्या ७४९ बायका तपासल्या, तर अशा आजारांशी संबंध दिसला नाही. १९९९ चा अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवालही तेच म्हणाला. आता स्क्लेरोडर्मासारखा (कातडी कडक होत जाण्याचा) दुर्मीळ आजार ७४९ जणींत एकीला झाला काय आणि दोघींना झाला काय, त्यातून काय कळणार? २०१८ मध्ये इस्रायलमध्ये इम्प्लांटवाल्या २४,६५१ आणि बिनइम्प्लांटच्या ९८,६०४ बायकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या) आजारांची शक्यता साधारण २२ टक्क्यांनी जास्त निघाली. श्योग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार), स्क्लेरोडर्मा आणि सारकॉइडोसिसमध्ये (अवयवांत दाहाच्या गाठी होण्याचा आजार) फरक आणखी ठळक होता. यानेही कारण सिद्ध होत नाही. मात्र २०२१ पासून एफडीएने इम्प्लांटवर चौकटीतला इशारा सक्तीचा केलाय आणि त्यात अंगभर जाणवणाऱ्या लक्षणांचा उल्लेख आहे. तो तुमच्या सर्जनना दाखवा.

तरीही काढायची घाई नको. आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांचे डॉक्टर, गाठा. एएनए धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतं, आणि हे आजार मुळात बायकांनाच जास्त होतात, इम्प्लांट असो वा नसो. मला दोन वर्षं 'मनावर घेऊ नका' ऐकवलं गेलं. शेवटी साधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली आणि हाशिमोटो हा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार निघाला. गोळ्यांनी निम्मा थकवा गेला. इम्प्लांट काढल्यावर चार महिन्यांत बोटं मोकळी झाली. डोळे तसेच कोरडे, थेंबांची बाटली अजून पर्समध्ये असते. कशाने काय गेलं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

काढायचंच ठरलं तर 'एन ब्लॉक'च हवं, म्हणजे इम्प्लांट भोवतीच्या कॅप्सूलसकट (शरीराने त्याभोवती तयार केलेल्या आवरणासकट) अखंड काढावं, असा हट्ट धरू नका. कॅप्सूल पूर्ण न काढलेल्यांनाही बरं वाटल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय, आणि सगळं खरवडून काढण्याचा धोका फुप्फुसाच्या आवरणापर्यंत जातो.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. इम्प्लांट खडबडीत पृष्ठभागाचे आहेत का ते बघा. तसे असतील आणि एक बाजू अचानक सुजली, तर थांबू नका. कॅप्सूलमध्ये क्वचित लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होतो, त्यावरूनच २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीचे बायोसेल हे खडबडीत इम्प्लांट परत मागवले गेले. इम्प्लांटची माहिती असलेलं कार्ड हरवलं असेल तर हॉस्पिटलकडून ऑपरेशनचे कागद मागवा, बहुतेक वेळा त्यावर इम्प्लांटचा स्टिकर चिकटवलेला असतो.